जुनी बाहुली धुण्याआधी : एकच नमुना हातात असताना संशोधन कसं करायचं?

एम.एस्सी. होऊन पेट-नेटची तयारी करणारी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात : "ताई, रिसर्च म्हणजे रोज नेमकं काय करायचं असतं?" उत्तर म्हणून साहित्यसमीक्षा, गृहीतक, नमुना निवड, विश्लेषण अशी पुस्तकी यादी देता येते. पण ती पाठ करून मुलाखतीला गेलात तर तिसऱ्या प्रश्नाला अडकाल. म्हणून आज मी माझ्या छंदातून उत्तर देणार आहे. मी जुन्या बाहुल्या आणि खेळण्यातले घोडे गोळा करते, आणि जमेल तेवढे दुरुस्त करते.

हसू नका. पॉलिमर रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माणसासाठी यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा अवघड प्रयोगशाळा नाही. स्वस्त का, तर नमुने लोकांच्या माळ्यावर पडलेले असतात. अवघड का, तर प्रत्येक वस्तू एकच असते. लॅबमध्ये प्रयोग फसला तर मी दुसरा नमुना घेते. चाळीस वर्षांपूर्वीच्या बाहुलीच्या गालावरचा रंग एकदा निघाला की तो परत येत नाही. म्हणजे दुरुस्ती हा एकाच नमुन्यावरचा, मागे न फिरवता येणारा प्रयोग आहे. तो करण्याआधी कसा विचार करायचा, हाच आजचा विषय.

माझ्याकडे काय काय आहे?

माझं घर प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर. तिथल्या एका लोखंडी कपाटात माझा सगळा संग्रह मावतो. एक लाकडी ठकी आहे, जुन्या धाटणीची, हातपाय अंगाला चिकटलेले आणि डोळे मोठे. चाकांवरचा एक लाकडी घोडा आहे. आमच्याकडे घोडा म्हटलं की आधी सारंगखेडा आठवतं. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि खऱ्या घोड्यांचा मोठा बाजार लागतो. मोठी माणसं खरे घोडे बघायची आणि आम्ही खेळण्यांच्या दुकानासमोर हट्ट करायचो. त्याशिवाय चिंध्यांच्या दोन बाहुल्या, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या व्हिनाइलच्या सहा-सात बाहुल्या, आणि रंगीत केसांचा एक छोटा पोनी, जो परदेशातून कुणीतरी कुणासाठी तरी आणला होता.

जगभरात या छंदाची मोठी दुनिया आहे. अमेरिकेत १९५९ साली बार्बी बाजारात आली, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅस्ब्रो कंपनीने 'माय लिटल पोनी' आणली. त्या काळातले पोनी शोधणारे, धुणारे, नवे केस लावणारे हजारो हौशी लोक आज आहेत. संशोधकाने लक्ष द्यावं असं बरंच ज्ञान त्यांनी जमवलंय. काही समजुतीही जमवल्यात. दोन्ही वेगळं करता येणं हे आपलं काम.

पहिला प्रश्न : ही वस्तू कशाची बनलीय?

"साफ कशाने करू?" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पदार्थाचा. एका वस्तूवर चालणारा उपाय दुसरीचा नाश करतो.

*लाकूड आणि लाख.* सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. तिथल्या चितारआळीत ती मिळतात. पूर्वी त्यासाठी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरायचे. अशा जुन्या खेळण्यांवर बऱ्याचदा लाखेचा थर असतो. लाख पाण्यात विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. आता विचार करा, करोनानंतर प्रत्येक घरात सॅनिटायझरची बाटली आहे आणि त्यात मुख्य घटक अल्कोहोलच आहे. जुनी ठकी "जंतुमुक्त" करायला कुणी सॅनिटायझरने पुसली, तर फडक्यावर धूळ येणार नाही, ठकीचा रंग येईल.

*कापड.* चिंध्यांच्या बाहुलीचा शत्रू म्हणजे कसर आणि दमट हवा. संग्रहालयांत किडलेलं कापड पिशवीत हवाबंद करून उणे वीस अंशांच्या आसपास एक-दोन आठवडे गोठवतात, म्हणजे किडीबरोबर अंडीही मरतात. आपण मात्र डांबराच्या गोळ्या टाकतो. कापडाला त्या चालतात, पण त्याच डब्यात प्लास्टिकची बाहुली असेल तर गोळ्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

*सेल्युलॉइड.* हे नायट्रेट केलेलं सेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेलं हे प्लास्टिक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाहुल्यांसाठी भरपूर वापरलं गेलं. अशी बाहुली अगदी हलकी, पातळ कवचाची असते आणि घासली तर कधीकधी कापराचा वास येतो. ती झटकन पेट घेते. त्यामुळे "सुई तापवून टोचून बघू", "कोपरा जाळून बघू" हे जुन्या बाहुलीवर कधीही करायचं नाही.

*पीव्हीसी, म्हणजे बोलीभाषेतलं व्हिनाइल.* मऊ डोक्याच्या, दाबल्यावर वाजणाऱ्या बाहुल्या आणि बहुतेक पोनी याचेच. त्यावर पुढे सविस्तर बोलू.

ओळखायचं कसं? पुस्तकात घनतेची चाचणी दिलेली असते. पॉलिएथिलिनची घनता ०.९२ ते ०.९६, म्हणून ते पाण्यावर तरंगतं. पीव्हीसीची १.२ ते १.४, म्हणून ते बुडतं. पण बाहुली पोकळ असते! आत हवा असेल तर पीव्हीसीची बाहुलीसुद्धा मजेत तरंगेल. चाचणी चुकीची नाही, ती ज्या गृहीतावर उभी आहे (वस्तू भरीव आहे) ते इथे लागू होत नाही. मुलाखतीत "लिमिटेशन्स ऑफ द मेथड" विचारतात ना, ते हेच.

लॅब उपलब्ध असेल तर एफटीआयआर हा चांगला मार्ग. एटीआर जोडणी असेल तर तुकडा कापावा लागत नाही, पृष्ठभाग स्फटिकावर टेकवला की पुरतं. नायट्रेट गटाचे पट्टे १६५०, १२८० आणि ८४०च्या आसपास दिसले तर सेल्युलॉइड. १७२०च्या आसपास ठळक कार्बोनिल आणि ६०० ते ७०० मध्ये कार्बन-क्लोरीनचे पट्टे दिसले तर थॅलेट घातलेलं पीव्हीसी असण्याची शक्यता मोठी. "शक्यता" म्हटलं, कारण कार्बोनिलचा पट्टा इतर एस्टरही देतात.

बाहुली चिकट का होते?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. नीट ठेवलेली बाहुली वीस वर्षांनी काढली तर तेलकट-चिकट लागते, धूळ ओढते, खाली ठेवलेल्या कागदाला चिकटते. लोकांना वाटतं बाहेरून काहीतरी लागलं. खरं तर आतून बाहेर आलं.

शुद्ध पीव्हीसी कडक असतं, आपल्या घरच्या पाइपसारखं. ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात. चकलीच्या पिठात मोहन घालतो तसं. मोहनामुळे पीठ हलकं होतं, पण तेल पिठाशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. चकली वर्तमानपत्रावर ठेवली की कागदावर डाग पडतो. मऊ पीव्हीसीचंही तसंच. वजनाच्या एक-तृतीयांशापर्यंत प्लास्टिसायझर असू शकतो, जुन्या वस्तूंत बहुधा थॅलेट वर्गातला. तो पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये नुसता बसलेला असतो. वर्षानुवर्षं तो पृष्ठभागाकडे सरकतो. तिथून उडून जातो किंवा शेजारच्या वस्तूत शिरतो. आधी बाहुली चिकट होते, पुढे आकसते, कडक होते, तडकते.

मग ठेवायची कशी? उघड्यावर की बंद डब्यात? अंदाज बांधून बघा आणि मग पुढे वाचा.

डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या संवर्धन-शास्त्रज्ञ इव्हॉन शाशुआ यांनी नेमक्या याच विषयावर पीएचडी केली आहे. २००१ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात त्यांचा प्रबंध झाला. संग्रहालयातलं मऊ पीव्हीसी खराब होणं कसं रोखायचं, एवढाच प्रश्न. त्यांना दिसलं की काचेसारख्या, काही शोषून न घेणाऱ्या बंद भांड्यात ठेवल्यास प्लास्टिसायझर कमी वेगाने निघून जातो. कारण सोपं आहे. भांड्यातली हवा त्या वाफेने भरली की बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. पॉलिथिनची पिशवी मात्र ती वाफ स्वतःच शोषते, म्हणून तिचा उपयोग होत नाही. आणि गंमत म्हणजे, वाईट वायू शोषून घेईल म्हणून ठेवलेला सक्रिय कोळसाही प्लास्टिसायझर ओढून घेतो आणि नुकसान वाढवतो. उपाय तर्काला पटणारा होता. मोजून बघितल्यावर उलटा निघाला.

आता सेल्युलॉइडकडे या. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइड्स बाहेर पडतात, दमट हवेत त्यांचं आम्ल बनतं आणि ते आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडचं विघटन आणखी वेगाने घडवतं. म्हणजे ते बंद डब्यात कोंडलं तर ते स्वतःलाच खातं, शेजारच्या बाहुलीच्या कपड्यांनाही. त्याला मोकळी हवा, थंड जागा आणि वेगळी राहणी हवी. दोन बाहुल्या, दिसायला सारख्या, आणि सल्ला बरोबर उलटा. म्हणून पदार्थ ओळखणं पहिलं.

तापमानाचा मुद्दा आपल्या भागात सोडून चालणार नाही. रसायनशास्त्रातला एक ढोबळ ठोकताळा आहे की दर १० अंशाला अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात पत्र्याखालचा माळा ४५ अंशांवर आणि खालच्या खोलीतलं कपाट ३० वर आहे असं धरा. फरक १५ अंशांचा, म्हणजे वेग जवळजवळ २.८ पट. खानदेशातल्या उन्हाळ्यात बाहुली माळ्यावर एक महिना काढते तेव्हा ती जवळपास तीन महिन्यांनी म्हातारी होते. हा हिशेब ढोबळच आहे, पण बाहुली माळ्यावरून खाली आणायला पुरेसा आहे.

मामींची बाहुली

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मामी एक बाहुली घेऊन आल्या. "हाई बाहुली चिकट व्हई गयी, बेटा. साफ करी दे. नात येणार शे." बाहुली त्यांच्या मुलीची, १९९०च्या आसपासची. नात दीड वर्षाची.

बाहुली बघितली. डोकं व्हिनाइलचं, चिकट. एका पायाच्या अंगठ्यावर दातांच्या खुणा. आणि कपाळावर निळ्या बॉलपेनने काढलेली टिकली, कडेने थोडी पसरलेली. मामींना ती पण काढून हवी होती. "पेनाचे डाग गेले पाहिजेत, नवी दिसली पाहिजे."

शाई पृष्ठभागावर नसते, हे इथे लक्षात घ्या. बॉलपेनच्या शाईतला रंग प्लास्टिसायझरमध्ये विरघळून आत शिरतो. म्हणूनच टिकलीची कड पसरलेली होती. साबणाने ती निघणं शक्यच नव्हतं. संग्राहक अशा डागांवर मुरुमाची क्रीम लावतात, ज्यात बेंझॉइल पेरॉक्साइड असतं. ते ऑक्सिडीकारक आहे. शाईचा रंग तोडतं, पण त्वचेच्या गुलाबी रंगालाही सोडत नाही. क्रीम पुसली तरी आत शिरलेलं पेरॉक्साइड काही काळ काम करत राहतं. कधीकधी निळ्या डागाच्या जागी पांढरा डाग राहतो.

तांत्रिक प्रश्न एवढाच होता. पण खरे प्रश्न दोन वेगळे होते.

एक, ती टिकली म्हणजे डाग की माहिती? कुणीतरी चार-पाच वर्षांच्या मुलीने आपल्या गोऱ्या, परदेशी चेहऱ्याच्या बाहुलीला टिकली लावून घरची केली होती. कारखान्याने बाहुली बनवली त्याची नोंद कारखान्याकडे असेल. ती प्रकाशात कशी खेळली गेली याची नोंद फक्त त्या टिकलीत आणि त्या दातांच्या खुणांत आहे. ती पुसली तर आपल्याकडे एक स्वच्छ बाहुली उरेल, जशी त्या साच्यातून निघालेली हरेक बाहुली होती.

दोन, आणि हा जास्त तातडीचा : दीड वर्षाचं मूल बाहुली तोंडात घालतं. आईने घातली होती, खुणा समोर होत्या. त्या काळच्या व्हिनाइलमध्ये थॅलेट असण्याची शक्यता मोठी, आणि स्थिरकात किंवा रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. युरोपीय संघाने १९९९ मध्ये लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांतल्या काही थॅलेटवर तात्पुरती बंदी आणली, ती २००५ मध्ये कायम केली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. १९९०ची बाहुली या सगळ्याच्या आधीची. चिकटपणा म्हणजे तर प्लास्टिसायझर पृष्ठभागावर येऊन बसल्याची खूणच.

मी मामींना दुसरा मुद्दा आधी सांगितला, स्पष्ट. बाहुली स्वच्छ करून देते, पण नातीच्या हातात देऊ नका. मामी नाराज झाल्या. "आमची पोरगी हिच्याशीच खेळली, तिला काय झालं?" हा प्रश्न चुकीचा नाही. एका मुलीला काही झालेलं दिसलं नाही, यावरून धोका नाही असं म्हणता येत नाही. आणि "काहीतरी होईलच" असंही मी म्हणत नव्हते. बाहुलीत नेमकं काय आहे हे मोजलेलं नाही, आणि नवं, प्रमाणित खेळणं दोनशे रुपयांत मिळतंय. मग हा प्रयोग मुलीवर का करायचा? हे त्यांना पटलं.

टिकलीचा निर्णय मात्र मी घेतला नाही. ती वस्तू माझी नाही, खूणही माझी नाही. मामींनी मुलीला फोन लावला. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला, आणि मग निरोप : टिकली राहू दे. मी कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने अंग पुसलं, स्पिरिट-ॲसिटोन काही वापरलं नाही, कारण ते पीव्हीसी फुगवतात आणि प्लास्टिसायझर ओढून काढतात. पावडर चोळली नाही, कारण त्याने चिकटपणा फक्त झाकतो. आज ती बाहुली काचेच्या बरणीत मामींच्या शोकेसमध्ये आहे. चिकटपणा काही वर्षांनी परत येईल, हे पण मामींना सांगून ठेवलंय.

घोड्यांनी शिकवलेले दोन धडे

पहिला धडा कारण शोधण्याचा. जुन्या पोनींच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी, तपकिरी डाग दिसतो. वरून कितीही घासा, जात नाही. कारण तो आतून आलेला असतो. त्या काळी शेपूट आतल्या बाजूने धातूच्या छोट्या चकतीने अडकवलेली असायची. मुलं पोनीला आंघोळ घालायची, शेपटीच्या छिद्रातून पाणी आत जायचं आणि चकती गंजायची. जुन्या बार्बीच्या कानाभोवती हिरवा डाग दिसतो त्याचंही असंच. कर्णफुलातलं तांबं गंजतं आणि त्याचं संयुग व्हिनाइलमध्ये मुरतं. दोन्हीकडे आधी धातू बाहेर काढायचा, डागाचं नंतर बघायचं. आणि पोनी धुताना बादलीत बुडवायचा नाही, हे ओघाने आलंच.

दुसरा धडा नावांचा. पोनीच्या अंगावर कधी गडद ठिपके उमटतात, त्याला संग्राहक 'पोनी कॅन्सर' म्हणतात. नाव जोरदार आहे, पण नाव दिलं म्हणजे कारण कळलं असं नाही. त्या एका नावाखाली बुरशी, रंगद्रव्याचा बदल, प्लास्टिसायझरचं सरकणं अशा वेगळ्या गोष्टी असू शकतात. तुमच्याही विषयात असे शब्द असतील. आराखड्यात ते वापरण्याआधी स्वतःला विचारा की हा शब्द निरीक्षण सांगतो की कारण?

जाता जाता उन्हाबद्दल. डाग घालवायला काही जण पोनी दिवसचे दिवस उन्हात ठेवतात. डाग फिकट होतो हे खरं, पण अंगाचा रंगही उडतो आणि पीव्हीसीचं विघटन सुरू होतं. थंड देशातल्या खिडकीतलं ऊन आणि आपल्या गच्चीवरचं एप्रिलचं ऊन एक नाही. दुसऱ्याची पद्धत उचलताना त्याची परिस्थिती पण बघावी लागते.

कपाटातला संग्रह काय सांगतो, आणि काय लपवतो?

समजा मी उद्या लेख लिहिला, "१९९०च्या दशकात खानदेशातल्या मुली कशाशी खेळत?" आणि आधार म्हणून माझं कपाट दाखवलं. परीक्षक पहिला प्रश्न काय विचारतील? हे कपाट भरलं कसं?

जी बाहुली खूप आवडली ती खेळून फाटली, फेकली गेली. जी महाग होती, शोकेसमध्ये ठेवली, "हात लावू नको" म्हणून जपली, ती माझ्यापर्यंत आली. म्हणजे माझ्या संग्रहात कमी खेळलेली खेळणी जास्त आहेत. शिवाय ज्यांच्याकडे शोकेस होतं त्यांचीच जास्त आहेत. शेतात मजुरीला जाणाऱ्या आईने मक्याच्या कणसाची बाहुली करून दिली असेल, तर ती दिवाळीपर्यंतही टिकली नसणार.

आमच्या गावच्याच जमिनीत याचं मोठं उदाहरण आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी १९५५ साली प्रकाशाच्या टेकाडाचं उत्खनन केलं. सगळ्यात खालचा थर ताम्रपाषाण काळातला आणि त्यावर पुढच्या काळांचे थर निघाले. एकाच टेकाडात हजारो वर्षांची वस्ती. आता विचार करा, एवढ्या पिढ्यांच्या पोरांनी किती खेळणी हाताळली असतील. पण अशा थरांत भाजलेली माती टिकते. लाकूड, कापड, गवत आपल्या हवामानात टिकत नाही. म्हणून "प्राचीन काळी खेळणी मातीची असत" असं वाक्य दिसलं की मी थबकते. मातीची होती, की मातीची तेवढी उरली?

आणि उरलेलं तरी खेळणंच कशावरून? प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला कांस्याच्या चार वस्तू सापडल्या : बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. फोटोत बघितलं तर यात्रेतल्या ओढायच्या खेळण्यांसारख्या. पण चारींचं मिळून वजन ६० किलोपेक्षा जास्त आहे! फोटोत प्रमाणपट्टी नसेल तर कुणीही फसेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावला केलेल्या उत्खननात घराच्या जमिनीखाली पुरलेली बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि बैल सापडला. दोन्हींना छिद्रं आहेत आणि काडी घातली की मूर्ती बैलावर बसते. एखाद्याला वाटेल, जोडायचं खेळणं. पण ते मातीच्या डबीबरोबर, मुद्दाम पुरलेलं होतं, म्हणून अभ्यासक त्याकडे पूजेची वस्तू म्हणून बघतात. वस्तू तीच, तिची जागा आणि सोबत बदलली की अर्थ बदलतो. म्हणून कुणी मला बाहुली देतं तेव्हा मी ती कुठे, कशात, कशाबरोबर ठेवली होती हे आधी लिहून घेते.

मोठ्या संग्रहांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या बाहुली संग्रहालयात देशोदेशीच्या पोशाखांतल्या बाहुल्या आहेत. त्यातल्या बहुतेक मुळात बघण्यासाठी बनवलेल्या. देशांचा पोशाख शिकायला उत्तम, मुलं कशी खेळत हे शिकायला अपुऱ्या. पुण्यात दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारलं, त्यात अडकित्ते, दिवे अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंना जागा मिळाली. संग्रहापुढे "हा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो?" असं विचारलं की वाचन बदलतं.

मी पाळते ती पद्धत

जुनी वस्तू हातात आली की हा क्रम. बाहुलीच्या जागी तुमचा नमुना घालून वाचा.

१. आधी काही करू नका. सगळ्या बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी, वजन, वास, कोणाकडून कधी आली, कुठे ठेवली होती.

२. पदार्थ ओळखा, आणि खात्री किती आहे तेही लिहा. "पीव्हीसी" आणि "बहुधा पीव्हीसी" या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

३. का करायचंय ते लिहा. नुकसान थांबवायला, अभ्यासाला, खेळायला, की विकायला? उद्देश बदलला की उपाय बदलतो.

४. पायाच्या तळव्यासारख्या न दिसणाऱ्या जागी, नखाएवढ्या भागावर चाचणी घ्या आणि काही दिवस थांबा. पेरॉक्साइडसारखे परिणाम उशिरा दिसतात.

५. सौम्य उपायापासून सुरुवात करा आणि पुरेसं झालं की थांबा.

६. जोडायचं असेल तर पुढे सोडवता येईल असं जोडा. लाकूड-मातीसाठी संवर्धक पॅरालॉइड बी-७२ वापरतात, जे ॲसिटोनने परत काढता येतं. पण प्लास्टिकवर ते ॲसिटोनच घात करेल. झटपट चिकटणारा गोंद कुठेच नको.

७. केलेलं सगळं उघड सांगा. नवे केस लावले, गाल रंगवला, तर तशी नोंद वस्तूबरोबर ठेवा. दुरुस्त पोनी "मूळ अवस्थेतला" म्हणून विकणं आणि आलेखातला नको असलेला बिंदू गुपचूप काढणं, यात मला फरक दिसत नाही.

शेवटी एक घरचा अभ्यास. घरातलं एक जुनं खेळणं शोधा. साफ करू नका. त्यावर एक पान लिहा : कशाचं बनलंय, कशावरून म्हणता, त्यावरच्या कोणत्या खुणा कारखान्याच्या, कोणत्या खेळण्याच्या, कोणत्या नुसत्या वयाच्या, आणि स्वच्छ केलं तर यातली कोणती माहिती जाईल. पान भरलं की त्यातली "मला वाटतं" आणि "मला दिसतं" ही वाक्यं दोन रंगांनी अधोरेखित करा. पुढच्या लेखात आपण याच पानावरून संशोधन आराखडा कसा लिहायचा ते बघू, तेव्हा ते जपून ठेवा.